चाकांवरची चूल

पाटबंधारे खात्यात मी आरेखक आहे. धरणं, कालवे, मोऱ्या, सांडवे असलं जे काही लोक पुढं वर्षानुवर्षं बांधत बसतात, ते मी टेबलावर आठवड्याभरात बांधून मोकळा होतो. कागदाबाहेर मात्र माझ्या हातून आजवर एक वीट सरळ लागलेली नाही, अशी माझ्या बायकोची खात्री आहे आणि ती खात्री ती पाहुण्यारावळ्यांत मोकळ्या हातानं वाटत असते. भिंतीत खिळा मारायचा झाला तरी आमच्याकडे मागच्या घरातले बशीरभाई येतात. मी खाली उभा राहून खिळा सरळ जातोय की नाही, एवढं तेवढं सांगतो. असल्या माणसानं परसात स्वतःच्या हातानं ग्रिल स्टँड बांधायला घ्यावा, याला कारणही तसंच लागतं. ते कारण म्हणजे माझी आई.

आई, म्हणजे बनाबाई, कुंडलला एकटी राहते. गेल्या थंडीत न्हाणीपाशी तिचा पाय घसरला आणि शेजारीण सहज डोकावेपर्यंत ती तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण गुडघा कायमचा रुसला. मी रजा टाकून गेलो आणि तिला सांगलीला घेऊन आलो. नवं घर, गुळगुळीत फरशी, नळाला पाणी, गॅस, पंखा, सगळं तिला हौसेनं दाखवलं. तिनं सगळ्याला मान डोलावली. आणि आठवडा व्हायच्या आत पिशवी भरून ती दारात उभी राहिली.

"का गं आई? काय कमी आहे इथं?"

"कमी काय न्हाई रं. लय हाय. पर हितं समद्यांची दारं दिसभर झाकल्याली. कोण कुणाच्या दारात यीत न्हाई. आन घरात चूल न्हाई. त्या गॅसफुडं हुबं ऱ्हायाचं आन बटन पिरगाळायचं, ह्याला काय सैपाक म्हनायचा व्हय? माझं आपलं कुंडलच बरं."

तिच्या तक्रारी दोन होत्या, एक माणसांची आणि एक चुलीची. पहिली माझ्या कक्षेबाहेरची होती. आमच्या नवजीवन कॉलनीतली बंद दारं उघडायला मी कोण? पण चूल हे बांधकाम आहे, आणि बांधकाम म्हटलं की माझ्यातला आरेखक बाह्या सरसावतो. बुद्धपौर्णिमेला दोन दिवस येईन, असा शब्द आईनं जाताना दिला होता. त्या दोन दिवसांत ती इथं रमली पाहिजे. नाही रमली तर पुढं पावसाळा, ते शेवाळलेलं अंगण आणि त्यात एकटी माझी आई. ऑफिसात रेघ मारता मारता मला ते आठवायचं आणि पेन थांबायचं. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

चुलीचा विषय काढताच घरात पहिला अडथळा आला. आमची मंडळी औंधची. तिकडची माणसं आडपडदा ठेवत नाहीत.

"चूल घाला की, पण माझ्या सैपाकघरात नको, परसात घाला," ती म्हणाली. "आणि आवं, आत्याबाईंचा गुडघा वाकत न्हाई. त्या चुलीफुडं बसणार कशा? का तुम्ही रोज उचलून बसवणार?"

मुद्दा बिनतोड होता. त्यावर तोड काढली आमच्या आम्रपालीनं. ती कॉलेजात जाते आणि तिथल्या वाचनालयातून इंग्रजी मासिकं आणते. एका मासिकात एक गोरा गृहस्थ कमरेला फडकं गुंडाळून हिरवळीवर उभा होता आणि त्याच्यासमोर एका स्टँडवर काहीतरी चरचरत होतं. वर जाळी, तिच्याखाली निखारे, त्याखाली राखेचा ट्रे, बाजूला भांडी ठेवायला फळी.

"पप्पा, हा ग्रिल स्टँड. घरच्या घरी करता येतो म्हणे. याची उंची थोडी कमी केली तर आजी खुर्चीत बसून भाकरी भाजेल."

खुर्चीत बसून भाकरी! मी लगेच टेबलावर कागद पसरला. वरून दिसणारा नकाशा, समोरून दिसणारा, मधून कापला तर दिसणारा, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, सगळं रीतसर झालं. भाकरीचं वजन धरलं, तव्याचं धरलं, वांग्यांचं धरलं. कोयनेच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसानं भूकंप धरलाच पाहिजे, म्हणून तोही धरला. या सगळ्याच्या बेरजेला सुरक्षिततेसाठी तिप्पट केलं तेव्हा पाया कमरेइतका खोल निघाला. बायकोनं नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यातनं पाणी कधी सोडणार?"

पुढचा सल्ला भिंतीवरून आला. आमच्या पश्चिमेला लिमये मास्तर राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि वेळ जात नाही म्हणून वास्तुशास्त्राच्या शिबिराला जाऊन आले. तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या घराचा जिना पाडून दुसऱ्या बाजूनं घातला आहे. आता तो जिना शास्त्रशुद्ध आहे, फक्त गच्चीवर जाताना डोकं आपटतं. मधल्या भिंतीवर कोपरं टेकून ते म्हणाले, "सोपानराव, कुठं बसवताय?"

"बघतोय अजून."

"बघायचं काय त्यात? अग्नी आग्नेयेला. तो तिकडचा कोपरा. दुसरीकडं कुठं बसवलात तर सांगून ठेवतो, घरात माणसाचा टिकाव लागत नाही."

टिकाव लागत नाही! नेमकं ते वाक्य मला झोंबलं. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देवांचे टाक नदीत सोडले, गावाचं बोलणं खाल्लं. त्यांच्या मुलानं चूल कुठल्या दिशेला मांडावी हे शिबिरात शिकलेल्या मास्तरांना विचारायचं? मी नकाशावर आग्नेय कोपरा शोधला, तिथं पट्टी ठेवली, सरळ तिरकी रेघ ओढली आणि ती जिथं पोचली त्या वायव्य कोपऱ्यावर लाल फुली मारली. ही माझी विज्ञाननिष्ठा. त्या फुलीमागं मास्तरांच्या विरुद्ध जाण्यापलीकडं कसलंही विज्ञान नव्हतं, पण रागात असताना एवढं कोण तपासतो?

सामानासाठी मी बशीरभाईंना गाठलं. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, लोखंड असा त्यांचा जुन्या सामानाचा धंदा. त्यांच्या वखारीत गेलं की निम्म्या सांगलीच्या खिडक्या आपल्याकडं बघतात. जाळीचं नाव काढताच त्यांनी एका ढिगातून खिडकीचं जुनं ग्रिल ओढून काढलं. त्यावर पिसारा फुलवलेला ऐटबाज मोर होता.

"हे घ्या. असलं काम आता कुणी करत न्हाई."

"बशीरभाई, याच्या पिसांत फटी फार मोठ्या आहेत हो."

"मोर हाय सोपानराव. ह्याच्यावर भाकरी बी नाचंल."

विटा, सिमेंट, वाळू आली आणि रविवारी सकाळी मी कुदळ मारली. पाया निम्मा झाला तोच कुदळीखाली काहीतरी वाजलं आणि माझ्या तोंडावर पाण्याचा फवारा आला. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेताला पाणी पोचवणाऱ्या खात्याच्या माणसानं स्वतःच्या परसातली नळाची पाइप फोडली होती. बायको घागरी घेऊन धावली. भिंतीवरून मास्तर शांतपणे म्हणाले, "वायव्येला खोदलं की असंच होणार." मी ओलाचिंब उभा होतो, नाहीतर उत्तर दिलं असतं.

तरीही चौथरा उभा राहिला. खाली रुंद, वर अरुंद होत गेलेल्या पायऱ्या, आणि समोर लाकडं ठेवायला मी हौसेनं एक कमानीचा कोनाडा काढला होता. सिमेंट वाळेपर्यंत त्यावर ओलं गोणपाट टाकलं. इथवर सगळं नकाशाप्रमाणं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोनाड्यापुढं चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि झेंडूचं एक फूल. सांगलीत हळदीला तोटा नाही हे खरं, पण म्हणून ती माझ्या ग्रिल स्टँडला? मी पाणी ओतून सगळं धुतलं. दुसऱ्या दिवशी उदबत्ती होती. तिसऱ्या दिवशी नारळ.

"कोण ठेवतंय हे?" मी ओरडलो.

"कोण का ठेवंना," बायको म्हणाली. "नारळ चांगला हाय. चटणीला घेतला मी."

कॉलनीत बोलणं सुरू झालं. सोपानराव परसात काहीतरी स्थापन करताहेत, असं म्हणे. नेमकं काय, यावर तीन मतं होती. ती मतं हिंडत हिंडत सरकारी कचेरीत पोचली असावीत, कारण एके दिवशी दुपारी लुनावरून एक बांधकाम निरीक्षक दारात उतरले. भला माणूस. त्यांनी चौथऱ्याला आधी हात जोडले आणि मग टेप काढली.

"हे देवस्थान कधीपासून आहे?"

"देवस्थान नाही साहेब. माझ्या आईला भाकरी भाजायला ग्रिल स्टँड आहे."

"म्हणजे स्वयंपाकघर?"

"तसं म्हणा हवं तर."

त्यांचा चेहरा पडला. "मग अवघड झालं. मंजूर नकाशात आहे का हे?"

घराचा मंजूर नकाशा मीच काढलेला. त्यात काय आहे आणि काय नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी चौथऱ्यावरचं गोणपाट सारखं केलं.

निरीक्षक जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, वाढीव स्वयंपाकघर असेल तर पाडावं लागेल. देऊळ असेल तर मी हात लावत नाही. लावला तर माझी बायको मला जेवायला घालणार नाही. तुम्ही नुसतं तोंडानं म्हणा, देऊळ आहे. मी चाललो."

भिंतीवरून मास्तर मान हलवून मला खुणावत होते, म्हणा, म्हणा. एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द उच्चारला की चौथरा वाचत होता, आईची भाकरी वाचत होती. मी वडिलांना डोळ्यांसमोर आणलं. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले.

"साहेब," मी म्हणालो, "पाडतो."

निरीक्षकांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. लुनाला पायडल मारता मारता म्हणाले, "चाकं लावा की राव त्याला. चाकं असलेली वस्तू आम्ही बांधकामात धरत नाही."

आता पाडणं. ज्याच्या पायात भूकंप धरला आहे, ती गोष्ट पाडून बघावी एकदा कुणीतरी. कुदळीचा दांडा मोडला. बशीरभाईंनी घण आणला, तो तीन वेळा उसळून परत आला. शेवटी कोनाडा आणि वरच्या पायऱ्या निघाल्या, खालचा थर हलायला तयार होईना. त्यावर आता बायको धुणं आपटते आणि असला दगड अख्ख्या कॉलनीत नाही म्हणून सांगते. माझ्या कुठल्याही कामाचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक.

मग बशीरभाईंनी वखारीतून मोडीत निघालेल्या भेळगाडीची चाकं काढली. त्यांच्याच वेल्डरनं लोखंडी चौकट जोडली, चौकटीवर मोर आडवा केला, त्याखाली कोळशाचा पत्रा, त्याखाली राखेचा ट्रे, बाजूला फळी. उंची खुर्चीच्या हिशोबानं. खरं सांगतो, ते उभं राहिल्यावर मला गहिवरून आलं. आमच्या खात्यात रंग देऊन क्रमांक टाकल्याशिवाय कुठलंही काम पुरं झालं असं धरत नाहीत. म्हणून मी चौकटीला, पत्र्याला आणि मोराला हिरवा ऑइल पेंट दिला आणि समोर पांढऱ्या अक्षरात "१" असा आकडा टाकला. दुसरा कधी होणार होता कुणास ठाऊक, पण पद्धत ती पद्धत.

चाचणीला सगळे जमले. बायको आणि आम्रपाली दारात, बशीरभाई मागच्या फाटकात, मास्तर भिंतीवर. स्टँड वायव्य कोपऱ्यातच, उरलेल्या थराला लागून. मी कोळसे पेटवले, जाळीवर वांगी मांडली आणि कमरेला फडकं गुंडाळून उभा राहिलो.

सुरुवातीला नुसता वास आला. मग मोराला फोड आले. रंग बुडबुडे काढत वितळायला लागला आणि वांग्यांना हिरवी झिलई चढली. एक वांगं पिसाऱ्याच्या फटीतून सटकलं आणि निखाऱ्यांत गेलं, त्याच्यामागून दुसरं गेलं. काळा धूर उठला आणि उन्हाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरला. पलीकडच्या खोलीतून बाहेर पडला तेव्हा त्याच्यासोबत बायकोचा आवाज होता. तो काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

धूर चुकवायला मी स्टँड जरासा बाजूला सरकवावा म्हणून हात लावला. एवढंच केलं मी. कालव्याला उतार किती द्यायचा हे मी ठरवतो, माझ्या रेघेवरून पाणी तालुका ओलांडून जातं. माझ्या परसाला कुठल्या बाजूला उतार आहे, हे मी घर बांधल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. स्टँड हलला, क्षणभर थांबला आणि मग निघाला. धूर सोडत, वांगी सांडत, पेरूच्या झाडाला वळसा घालून, दोरीवरचा माझा लेंगा मोराच्या चोचीत अडकवून तो तिरका खाली गेला आणि समोरच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला. धूर भिंतीवरून पूर्वेच्या रिकाम्या प्लॉटकडं सुखानं जायला लागला. आमच्या घरात त्याचा मागमूस राहिला नाही.

तो कोपरा आग्नेय होता.

मग मास्तर म्हणाले, "मी काही म्हणालो नाही हं."

"उतार आहे तिकडं," मी म्हणालो.

"असेल."

"आणि वारा पश्चिमेचा आहे. म्हणून धूर बाहेर जातो. यात दिशेचा काही संबंध नाही."

"मी कुठं म्हणतोय?"

एवढ्या गरीब आवाजात बोलणारा माणूस मला जन्मात भेटला नव्हता. मी चाकांना विटा लावल्या. स्टँड तिथंच ठेवायचा निर्णय केवळ वाऱ्याच्या अभ्यासावरून घेतला आहे, हे मी मास्तरांना त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशीही सांगितलं. पुढं आठवडाभर संध्याकाळी मी वाळूच्या कागदानं मोराचा रंग घासला आणि मोठ्या फटींवर बशीरभाईंनी बारीक जाळी जोडून दिली.

बुद्धपौर्णिमेला आई आली. विहारात जाऊन आलो, खीर झाली, आणि मग मी तिला हात धरून परसात नेलं. तिनं मोरावरून हात फिरवला.

"आरं सोपान, ही भेळंची गाडी कुणाची रं?"

"भेळेची नाही आई, तुझी चूल आहे. मी केली."

"तू?" तिनं सुनेकडं बघितलं. सुनेनं मान हलवली. आई खुर्चीत बसली, निखारे सारखे केले, परातीत पीठ मळलं आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली. मग ती काढून निखाऱ्यांवर उभी धरली, तशी भाकरी टम्म फुगली. आई हसली. मी त्या भाकरीचा अर्धा तुकडा नुसता खाल्ला, आणि मला वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. दुसरा दिवस सरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती परसात खुर्चीत बसून भाकरी भाजत होती ती वाटेसाठी. पायाशी पिशवी बांधलेली. दहाची एसटी धरायची होती.

"आई, चूल केली ना मी?"

"केलीस की. ब्येस केलीस. तुझ्या बापाला बी हितकी आली नसती." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पर भाकरी भाजून मी दोन दिस हितं बसले. ह्या कोपऱ्यातनं कुनी 'काय करताय' म्हनून इचारलं न्हाई. माझ्या आळीत दिस उगवायला चार बाया दारात असत्यात. मी पडले तवा त्यातलीच एक धावली. हितं पडले तर मला कोन बघंल? तू हापिसात, पोरगी कालेजात, सून तिच्या कामात."

यावर माझ्याकडं नकाशा नव्हता. मी तिच्याशेजारी विटेवर बसलो. रडू येईल असं वाटलं म्हणून उगाच चाकाला लावलेली वीट नीट करत राहिलो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून लिमये काकूंचा आवाज आला. हातात लोखंडी घमेलं, कपाळावर घाम. त्यांचा गॅस सकाळीच संपला होता. नंबर लावून पंधरवडा झाला होता, सिलिंडरचा पत्ता नव्हता. स्टोव्हमध्ये रॉकेल नव्हतं, आणि व्याही जेवायला येऊन बैठकीत बसले होते.

"अहो आजी, तुमच्या चुलीतले चार निखारे देता का? जुनी शेगडी काढलीय, पण ती मेली पेटता पेटेना."

आईचा चिमटा हातातच राहिला. ती काकूंकडं बघत राहिली.

हे का, ते मला ठाऊक होतं. लहानपणी ऐकलं होतं मी. आईच्या माहेरी चूल विझली तर वरच्या आळीतून निखारा मागून आणावा लागे. तो दुरून मिळे, जमिनीवर ठेवलेल्या खापरावर उंचावरून टाकलेला. पण तिच्या घरच्या चुलीतला निखारा कुणी मागायला आलं, असं कधी घडलं नव्हतं. वरच्या आळीतल्या चुली विझल्या तरी त्यांनी दुसरीकडं पाहिलं. आई तेव्हा परकरी पोर होती.

"आमच्या चुलीतलं?" आईनं विचारलं.

"मग कुणाच्या? दोन दिवस वारा पडला की तुमच्या भाकरीचा वास येतोय, मला कामं सुचेनात. द्या हो लवकर, व्याहीबुवा घड्याळ बघताहेत."

आई उठली. गुडघा दुखत होता तरी उठली. तिनं निखाऱ्यांतले चांगले रसरशीत बघून बघून घेतले, वरची राख फुंकली आणि पत्र्यावर धरून स्वतः भिंतीपर्यंत गेली. काकूंच्या घमेल्यात तिनं ते हातानं ठेवावेत इतके हळू ठेवले.

"वाऱ्याला धरू नगा. आडोशानं न्या," ती म्हणाली.

काकूंची शेगडी त्यानंही पेटली नाही. थोड्या वेळानं त्या पुन्हा भिंतीशी आल्या तेव्हा आईच त्यांना म्हणाली, "आवं, कशाला खटपट करताय? भांडीच हिकडं आना की." मग भिंतीवरून भाताचं पातेलं आलं, वरणाचं आलं, कढईही आली. धूर बघून बशीरभाईंच्या आई, रहिमतबी, सुके बोंबील घेऊन मागच्या फाटकातून आल्या आणि वरणाकडं बघून अडखळल्या. आईनं सोय केली. मोराचा पिसारा लिमयांना, डोकं आणि मान बोंबलांना. तिसऱ्या घरातल्या बाई कशाचा वास म्हणून बघायला आल्या त्या पापड घेऊन परत आल्या. माझ्या स्टँडपाशी मला उभं राहायला जागा उरली नाही. मी निखारे सारखे करायला गेलो तर आईनं माझ्या हातावर चिमटा मारला.

लिमये मास्तर भिंतीवर कोपरं टेकून भात किती शिजला ते बघत होते.

"मास्तर," आई म्हणाली, "जरा बाजूला सरता का? वारा आडतोय."

मास्तर निमूट सरकले. कुठल्या दिशेला, ते मी बघितलं नाही. मी आईकडं बघत होतो. ती खुर्चीत टेकून रहिमतबींना स्वतःच्या गुडघ्याची कथा सांगत होती आणि रहिमतबी स्वतःच्या गुडघ्याची. मध्येच तिनं मला हाक मारली.

"सोपान, एस्टी गेली व्हय रं?"

"गेली असेल."

"बरं झालं. तू आसं कर. रईवारी कुंडलला जा आन माझा पाटा-वरवंटा घिऊन ये. तुमच्या त्या मिक्सरात चटनीचं पीठ हुतंय."

कपडे माणूस चार दिवसांसाठीही नेतो. पाटा-वरवंटा कुणी चार दिवसांसाठी नेत नाही.

रविवारी मी कुंडलला गेलो. पाटा आईच्या लग्नातला, मध्ये झिजून खोलगट झालेला, एका माणसाला उचलताना कंबर आठवावी इतका जड. शेजारणींनी हात लावून तो एसटीत चढवला आणि बनाबाई कधी येणार म्हणून विचारलं. मी म्हणालो, येईल अधूनमधून. वरवंटा पिशवीत घातला आणि पाटा मांडीवर घेऊन बसलो.

पलूस मागं पडल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापाशी आला.

"आवं काका, खाली ठेवा की त्यो दगूड. मांडी मोडंल."

"राहू दे," मी म्हणालो.

सांगली येईपर्यंत माझे दोन्ही पाय बधिर झाले होते. पाटा मी खाली ठेवला नाही.